सुटता सुटेना!

स्टिकर निघाला, पण खूण राहिली? जुन्या लाकडावरच्या हट्टी गोंदाशी दोन हात करायचे काही साधे फंडे, थेट वऱ्हाडातून.

स्टिकर लावायला दोन सेकंद पुरतात. काढायला बसलं की अख्खा रविवार जातो आणि तरी दारावर तो मळका, चिकट चौकोन उरतोच. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मंडळींना हा चौकोन चांगलाच ओळखीचा असेल. आधीच्या भाडेकरूने दारामागे फोम टेपने हूक लावलेला असतो, त्याच्या आधीच्याने सिनेमाचं पोस्टर आणि त्याच्याही आधी कुणीतरी दहावीचं टाइमटेबल. माणसं येतात-जातात, गोंद मात्र मुक्कामाला. घर सोडायच्या दिवशी घरमालक बरोबर त्याच जागेवर बोट ठेवतो आणि डिपॉझिटमधून पॉलिशचे पैसे कापतो.

मग आपण काय करतो? आधी नखाने खरवडतो. नख हरलं की ब्लेड. ब्लेड हरलं की नेलपॉलिश रिमूव्हर. रिमूव्हर मात्र कमाल करतो! गोंद जातो आणि त्याच्यासोबत पॉलिशही जातं. आधी मळका चौकोन होता, आता पांढरा भुरकट चौकोन. तो लपवायला त्याच्यावर नवा स्टिकर. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

या आठवड्यात हा चिकट विषय घ्यायचं कारण म्हणजे आमचं वऱ्हाड. अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या घरात कधी गेलात तर दार, खिडकी, कपाट, पलंग, बंगई (म्हणजे तुमचा झोपाळा!) हे सगळं सागवानाचं दिसेल. जवळच मेळघाटचं सागाचं जंगल आणि त्याच्या पायथ्याशी परतवाड्याचा लाकडाचा व्यापार. त्यात कापसाचा पैसा आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे थेट नागपूरपर्यंत पोचली. या भरभराटीत वाडे उभे राहिले. पुढे अनेक वाडे पडले, पण त्यांचं लाकूड फेकलं गेलं नाही. एका घराच्या तुळया दुसऱ्या घराचं कपाट झाल्या.

आता ही कपाटं निघू लागली आहेत. फ्लॅट लहान, मॉड्युलर फर्निचरचं फॅड मोठं. जुन्या कपाटाला कमी किंमत येते त्याचं एक कारण लाकूड नसतंच. कारण असतं त्याच्यावरचा तीस वर्षांचा गोंद, टेप आणि स्टिकर. लाकूड आत ठणठणीत असतं, पण ते दिसणार कुणाला?

लोणच्यासारखं मुरतं

आधी थोडं सायन्स. घाबरू नका, परीक्षा नाही!

स्टिकरचा आणि सेलोटेपचा गोंद खरं तर कधीच पूर्ण वाळत नाही. तो मुद्दाम ओलसर, रबरी ठेवलेला असतो. बोटाने दाबलं की तो पृष्ठभागावर पसरतो आणि धरून बसतो. पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आणली ती अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू या माणसाने, १९३० मध्ये. त्याच कंपनीच्या स्पेन्सर सिल्व्हरला १९६८ मध्ये एक भलताच मिळमिळीत गोंद सापडला. चिकटायचा, पण सहज सुटायचा. कित्येक वर्षं त्याचं काय करावं हे कुणालाच सुचेना. शेवटी १९८० मध्ये त्याचे पोस्ट-इट झाले, जे आज तुमच्या ऑफिसच्या मॉनिटरवर डेडलाइन घेऊन लटकत असतात. थोडक्यात, सुटणारा गोंद वेगळा बनवावा लागतो. बाकीचे गोंद सुटण्यासाठी बनवलेलेच नसतात.

त्यात आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं ही काही ब्रेकिंग न्यूज नसते. अशा उन्हाळ्यात भिंतीला टेकलेलं कपाट हाताला गरम लागतं. स्टिकरचा गोंद पातळ होतो आणि लाकडाच्या छिद्रांत उतरतो. सागवानाची छिद्रं तर नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढी मोठी. पुढे थंडी आली की तो तिथेच घट्ट होतो. पुन्हा उन्हाळा, पुन्हा थोडा खाली. असे वीस उन्हाळे गेले की गोंद लाकडात कैरीच्या लोणच्यासारखा मुरतो. वरून हवा लागून तो जुना होतो, पिवळा पडतो, मग तपकिरी आणि शेवटी काचेसारखा कडक. म्हणून गेल्या महिन्यातला स्टिकर आणि नव्वदच्या दशकातला स्टिकर यांना एकच औषध चालत नाही.

औषध शोधायचा नियम मात्र एकच आहे आणि तो प्रत्येक वऱ्हाडी आजीला पाठ असतो. चपलेला डांबर लागलं तर ते पाण्याने जात नाही, रॉकेलने जातं. तेलकट गोष्ट तेलकट गोष्टीत विरघळते, पाणचट गोष्ट पाण्यात. डांबराचं उदाहरण उगाच नाही दिलेलं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटरची सलग डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. डांबर म्हणजे काय चीज आहे, हे आम्हाला कुणी सांगायला नको!

अकोल्यातलं कपाट

याच रस्त्याने मी यंदा मावशीकडे गेले. अकोल्याच्या जुन्या शहरातलं तिचं घर विकलं गेलं होतं आणि तिला अमरावतीला दादाच्या फ्लॅटवर राहायला जायचं होतं. काका जाऊन चार वर्षं झालीत. सामानाची वाटणी सुरू होती. हे न्यायचं, हे द्यायचं, हे भंगारात. आणि मध्ये उभं होतं दोन दारांचं सागवानी कपाट.

दादाचं मत पक्कं होतं. जुन्या फर्निचरवाल्याने येऊन भाव सांगितला होता आणि तो एवढा कमी होता की तेवढ्यात ऑफिसची एक धड खुर्ची येणार नाही. "कपाट पाह्यलं का तुम्ही, किती खराब झालं," असं म्हणून तो निघून गेला होता. ट्रक सोमवारी येणार होता. आज शनिवार.

त्याचं म्हणणं दिसायला खरंच वाटत होतं. डाव्या दारावर शेगावच्या गजानन महाराजांचा मोठा स्टिकर. त्याच्या खाली दादाच्या लहानपणीचे क्रिकेटपटू, निम्मे फाटलेले. उजव्या दारावर कॅलेंडरसाठी लावलेल्या टेपचे थरावर थर, दर जानेवारीला एक. हँडलजवळ टिकल्याच टिकल्या. आरशाला लावलेली टिकली आपण सगळ्यांनी पाहिली असेल, पण मावशीच्या टिकल्यांनी लाकडावरही वसाहत केली होती. आणि दार उघडलं की आतल्या बाजूला काकांच्या अक्षरातली फोन नंबरांची यादी, चारही कोपरे सेलोटेपने चिकटवलेली. काही नंबर पाच आकडी, त्याच्यापुढे वेगळ्या शाईने लिहिलेला सहावा आकडा. यादीतली निम्मी माणसं आज नाहीत.

मावशी म्हणाली, "कपाट जाऊ दे. पण हे कागद अन् महाराज मले पायजेत."

घरी एक वाढईकाका आले होते, पलंग खोलायला. (सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात.) त्यांनी कपाटाच्या मागच्या फळीवर नख ओढलं, वास घेतला आणि दादाकडे अशा नजरेने पाहिलं की दादाने मोबाइल खिशात घातला.

"हे जुनं सागवान हाये दादा. असं आता भेटत नाही. याले काहीच झालं नाही. वरतं सगया गोंद अन् मळ हाये. एक दिवस द्या मले."

आधी ओळख परेड

काकांनी पहिला तासभर काहीच काढलं नाही. नुसतं बघितलं. हाच त्यांचा सगळ्यात भारी फंडा आणि तोच आपण विसरतो. कुठला गोंद आहे आणि तो कशावर बसलाय, हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही.

गोंद ओळखायची पद्धत सोपी आहे. बोटाने घासून बघा. वळ्या होऊन निघतो, ओढला तर ताणतो, तो स्टिकर किंवा टेपचा रबरी गोंद. त्याला तेल चालतं. कडक, पारदर्शक, ठिसूळ थर असेल आणि ओलं बोट लावल्यावर थोडा चिकट होत असेल तर तो डिंक. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्याला नुसतं ओलं फडकं पुरतं. मैद्याच्या खळीचंही तसंच. आपल्या आजोबांच्या काळचे कागद बहुतेक खळीने चिकटवलेले असतात.

पांढऱ्या गोंदाचं प्रकरण तिसरं. १९५९ मध्ये बळवंत पारेख यांनी फेविकॉल आणलं, त्याआधी सुतारमंडळी जनावरांच्या हाडं-कातड्यांपासून केलेला सरस चुलीवर गरम करून वापरायची. त्याचा वास काकांना अजून आठवतो. फेविकॉल पाण्यात कालवलेलं असतं. पाणी उडालं की आतले प्लास्टिकचे कण एकमेकांत मिसळून थर तयार होतो. तो पुन्हा पाण्यात पूर्ण विरघळत नाही, पण कोमट ओल्या फडक्याने फुगतो आणि मऊ पडतो. थोडा व्हिनेगर घातला तर आणखी लवकर. मग बोथट पट्टीने उचलायचा. (दोन फळ्यांमधला जोड सोडवायच्या भानगडीत मात्र पडू नका. जाहिरातीतली ती गच्च भरलेली बस आठवा!)

चौथा म्हणजे झटपट चिकटणारा, फेविक्विकसारखा. त्याला ॲसिटोन लागतं आणि ॲसिटोन पॉलिश खातं. तेव्हा तो लाकडावर सांडला असेल तर सरळ कारागिराला बोलवा.

आता दुसरी बाजू, लाकडावर काय आहे? सनमायका असेल तर टेन्शन नाही, बऱ्यापैकी सगळं चालतं. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश असेल तर तेही दणकट. पण जुन्या कपाटांवर बहुतेक वेळा फ्रेंच पॉलिश असतं आणि ते नाजूक. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तीच. जी गोष्ट स्पिरिटमध्ये विरघळवून लावली, ती स्पिरिट लावलं की परत विरघळणार. साधं लॉजिक!

२०२० मध्ये सॅनिटायझर आला तेव्हा किती घरांत दारांच्या कड्यांभोवती पांढरे पट्टे पडले, आठवा. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल, पॉलिशमध्ये लाख. परफ्यूमची बाटली ठेवतो तिथे ड्रेसिंग टेबलवर गोल डाग पडतो, तोही याचमुळे.

तेव्हा टेस्ट करा. कपाटाच्या मागे किंवा खाली, जिथे कुणी बघत नाही, तिथे कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एकच थेंब. जागा चिकट झाली, बोळा तपकिरी झाला, तर फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही, तर दुसरं काहीतरी. काकांनी ही टेस्ट मागच्या पायाजवळ केली. बोळा लगेच तपकिरी.

"ब्लेड नोको अन् स्पिरिट नोको," काका म्हणाले. "आता तेल आना."

महाराज आधी

पण तेलाआधी महाराज. त्यांना हात लावायचा म्हणजे मावशीने आधी अंघोळ केली, निरांजन लावलं, उदबत्ती लावली. दादा हेअर ड्रायर घेऊन उभा. हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही!

हेअर ड्रायर हे या कामातलं सगळ्यात सेफ हत्यार. मीडियम हीटवर, वीतभर अंतरावरून आणि सतत हलता ठेवायचा. एका जागी धरला तर लाखेचं पॉलिशच मऊ पडतं. जिथे ड्रायर मारतोय तिथे हात लावून बघायचा. हाताला सोसेल इतकंच गरम. गोंद मऊ झाला की कोपऱ्यातून जुनं एटीएम कार्ड सरकवायचं. स्टिकर सरळ वर ओढायचा नाही. लाकडाला जवळजवळ समांतर, मागच्या मागे दुमडत, हळू. वर ओढला तर कागद फाटतो नाहीतर पॉलिशचा पापुद्रा येतो.

पाऊण तास लागला, पण महाराज अखंड निघाले. मावशीने ते एका जाड पुठ्ठ्यावर बसवले आणि कपाळाला लावले. क्रिकेटपटूंचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. ते तुकड्यातुकड्यांतच आले आणि दादा उगाचच थोडा गप्प झाला.

मागे राहिला तो चिकट चौकोन. आता तेल. खोबरेल, शेंगदाण्याचं, सरकीचं, घरात असेल ते. कापसाची पातळ घडी तेलात भिजवून डागावर ठेवायची आणि वीस मिनिटं विसरायचं. घाई केली की तेल नुसतं वरवर फिरतं. वीस मिनिटांनी कार्डाने हलके ढकललं की गोंद शेवयांसारखा गोळा होतो. मग फडक्याला साबणाच्या पाण्याचा नुसता हात लावून, घट्ट पिळून, एकदाच पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. पुसताना फडकं लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवं नाही. फ्रेंच पॉलिशवर पाणी साचलं तर पांढरा डाग पडतो. आमच्याकडे तर कूलरसमोर ठेवलेल्या कपाटांवरही तो दिसतो. आणि ज्या लाकडाला पॉलिशच नाही, त्याला तेल लावायचं नाही. ते आत शिरतं आणि तेलाचा डाग गोंदाच्या डागापेक्षा वाईट.

टिकल्या तेलाने पटापट निघाल्या. कॅलेंडरच्या टेपचे थर मात्र ढिम्म. तो जुना, तपकिरी, काच झालेला गोंद. त्याच्यासाठी काकांनी टर्पेंटाइनची बाटली काढली. पेंटच्या दुकानात सहज मिळतं. रबरी गोंद त्यात मऊ होतो, पण लाख त्यात विरघळत नाही. म्हणून फ्रेंच पॉलिशवर थिनर किंवा स्पिरिटपेक्षा हे बरं. तरीही आधी लपलेल्या जागी टेस्ट करायचीच.

बाटलीचं झाकण उघडायच्या आधी काकांनी देवाकडे बोट दाखवलं. "काकू, ते निरांजन शांत होऊ द्या आधी."

हसू नका. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. निरांजन, उदबत्ती, शेजारच्या खोलीतला गॅस, सिगरेट, सगळं बंद पाहिजे. खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्हज, लहान मुलं बाहेर. निरांजन विझेपर्यंत आम्ही सगळे चहा प्यायलो. मग टर्पेंटाइनच्या बोळ्याने एकेक थर मऊ करत, पुसत, पुन्हा लावत, संध्याकाळपर्यंत उजवं दार साफ झालं.

काकांची यादी

शेवटी राहिला तो कागद. मी म्हटलं, याचीही टेप तेलाने काढू. काकांनी मानच हलवली आणि ते बरोबरच होतं. कागदाला तेल लागलं की पारदर्शक डाग कायमचा. ड्रायर लावला तर गोंद पातळ होऊन कागदात आणखी शिरतो. ओढलं तर शाईसकट पापुद्रा.

मग काय केलं? कागदावरची टेप काढलीच नाही. लाकडावर असलेला टेपचा भाग कागदाच्या कडेलगत, लाकडावर दाब न देता, कापून वेगळा केला. पुढे कोपऱ्याखाली, टेप जिथून लाकडाला धरून होती तिथून, शिवणाचा मजबूत दोरा घालून करवतीसारखा मागे-पुढे हळू ओढला. फोम टेपच्या हुकांसाठीही हा दोरा मस्त चालतो. यादी चारही पिवळ्या कोपऱ्यांसकट मोकळी झाली. ती एका फाइलमध्ये, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवली. त्याआधी तिचा फोटो काढला आणि मावशीने बसल्या बसल्या तो वाचायला सुरुवात केली. एकेक नाव, कोण, कुठलं, कुणाच्या लग्नात भेटले होते. दादाला त्यातली अर्धी माणसं माहीतच नव्हती. काम तासभर थांबलं आणि कुणी काही बोललं नाही.

जुन्या घरांची साफसफाई करताना हे लक्षात ठेवा. सगळंच काढायचं नसतं. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतात, कपाटाच्या आत कुणीतरी लग्नाची तारीख लिहिलेली असते. हात लावायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "हे काय आहे?"

खालचं लाकूड

रविवारी सकाळी उन्हात कपाट बघितलं तर सॉलिडच! मळ आणि गोंद गेल्यावर सागवानाच्या रेषा वर आल्या होत्या. महाराजांच्या जागी मात्र फिकट चौकोन होता. स्टिकरखाली उजेड पोचत नाही, आजूबाजूचं लाकूड आणि पॉलिश मात्र उजेडाने रंग बदलत जातं. हा डाग नाही, त्यामुळे तो घासून जात नाही. इथेच लोक सँडपेपर घेऊन बसतात आणि घोळ घालतात. थोडे महिने उजेड लागू द्या, फरक बराच कमी होतो. प्लायवर व्हिनीअर असेल तर सँडपेपरचा विचारही नको. तो थर कागदासारखा पातळ असतो, दोन हातांत खालचा प्लाय दिसू लागतो.

काकांनी शेवटी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला, फक्त जिथे पॉलिश झिजलं होतं तिथे. जवस म्हणजे आमच्याकडे चटणी. पण हेच तेल हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून ते लाकडाला चालतं. खोबरेल तसं वाळत नाही. एक डेंजर गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता तयार होते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. आणि आमच्याकडचा मे महिना म्हणजे बघायलाच नको! फडकी बाहेर मोकळ्यावर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दुपारी दादाने टेप काढला. चिकटवायचा नव्हे, मोजायचा. कपाटाची उंची घेतली, रुंदी घेतली आणि अमरावतीला वहिनीला फोन लावला. हॉलमधल्या भिंतीचं माप विचारायला.

झटपट फंडे

• आधी गोंद ओळखा, मग पॉलिश ओळखा. दोन्ही कळल्याशिवाय काही लावू नका.

• क्रम पाळा. आधी ऊब, मग तेल, मग टर्पेंटाइन. पहिल्याने काम झालं तर दुसऱ्याकडे जाऊच नका.

• डिंक आणि खळीला कोमट, घट्ट पिळलेलं फडकं. पांढऱ्या गोंदाला त्यात थोडा व्हिनेगर.

• ब्लेड, स्टीलची घासणी आणि चाकू यांना सुट्टी. जुनं एटीएम कार्ड किंवा आइस्क्रीमचा लाकडी चमचा बेस्ट.

• नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, परफ्यूम, स्पिरिट हे सगळं फ्रेंच पॉलिशपासून लांब.

• प्रत्येक गोष्ट आधी लपलेल्या जागी करून बघा आणि दहा मिनिटं थांबा.

• टर्पेंटाइन उघडताना घरात एकही ज्योत नको.

• फ्लॅट भाड्याचा असेल तर राहायला जायच्या दिवशीच दारांचे, कपाटांचे फोटो काढून घरमालकाला पाठवा. आधीच्या भाडेकरूचा गोंद तुमच्या डिपॉझिटला चिकटायला नको!

• कपाट विकायला काढलंय? आधी एक दार साफ करा, मग भाव विचारा.